उलट्या कामाचा दर

यूछिंग: थांबा काकू, माझी काहीतरी ऐकण्यात चूक होतेय. गिऱ्हाईक वाढवायचंय ना तुम्हाला?

श्यूरोंग: कमी करायचंय. तिसऱ्यांदा सांगतेय.

थ्येनसोंग: थोडंसं कमी. फार नको. बेतानं.

श्यूरोंग: तुम्ही गप्प बसा हो. हे माझे यजमान, यांचं मनावर घेऊ नकोस. मुली, खाली मोटरसायकलच्या गॅरेजशेजारी तुझी पाटी वाचली, ‘लाय यूछिंग. इंटरनेटवर प्रसिद्धी, दर आधी सांगू.’ म्हटलं, जी बाई दर आधी सांगते तिच्याकडेच जावं. तर सांग. वर चढवायचे किती घेतेस ते मला नको. खाली उतरवायचे किती?

यूछिंग: माझ्याकडे तसा दरच नाहीये. चार वर्षांत कुणी मागितला नाही.

थ्येनसोंग: मी हिला म्हणालो होतो, असं काम जगात नसतं.

यूछिंग: दुकान कसलं आहे काका?

थ्येनसोंग: ‘क्वो यांची माशाची पेज.’ देवळामागच्या गल्लीत. ऐकलंच असेल तुम्ही.

यूछिंग: मी सकाळची काही खात नाही हो.

थ्येनसोंग: अख्खं ताइनान शहर खातं. परवा एक बाई खास विमानानं आली. माझ्याबरोबर फोटो काढला. मी पातेल्यापाशी, असा तिरका उभा, पळी हवेत.

श्यूरोंग: आणि पळीतली पेज तिच्या बुटावर.

थ्येनसोंग: तिनं पुसलीसुद्धा नाही. बुटाचाही फोटो काढला.

श्यूरोंग: ऐकलंस? हे रोज. आम्ही पाचला उघडतो, बाराला बंद करतो. आता चारलाच रांग लागते. पूर्वी मी चाळीस मासे साफ करायची, आता नव्वद. हे मनगट बघ, पट्टी बांधल्याशिवाय भांडं उचलत नाही. रोजची माणसं आत येऊ शकत नाहीत. रांगेतली माणसं पेज समोर आली की आधी तिची छायाचित्रं काढतात, मग गार झाली म्हणून परत तापवून मागतात. आणि यांनी टोपी घेतलीय.

यूछिंग: टोपी?

श्यूरोंग: उंच. पांढरी. हॉटेलातल्या आचाऱ्यासारखी. छताच्या पंख्याला लागते.

थ्येनसोंग: एकदाच लागली.

यूछिंग: बरं, मी जरा शोधून बघते. हां, हे तुमचं दुकान. काका, गंमत आहे. गेल्या मार्चच्या आधी तुमच्याबद्दल सगळीकडे मिळून सहा ओळी दिसतात. आणि मार्चमध्ये एकदम चौतीस मोठे लेख.

थ्येनसोंग: चव कळायला वेळ लागतो माणसाला.

यूछिंग: चौतीस जणांना एकाच महिन्यात कळली?

थ्येनसोंग: एकानं दुसऱ्याला सांगितलं. तसंच पसरतं ते.

यूछिंग: त्यातल्या अकरा जणांनी लिहिलंय, ‘पहिल्याच घोटात समुद्र डोळ्यांपुढे उभा राहिला.’ अक्षर न् अक्षर तेच.

थ्येनसोंग: कारण तो राहतो उभा.

यूछिंग: पण मासा तळ्यात वाढवलेला असतो ना?

श्यूरोंग: अहो, स्कूटर.

थ्येनसोंग: काय झालं स्कूटरला?

श्यूरोंग: गॅरेजच्या तोंडावर लावलीत. तो माणूस ओरडतोय खाली. हलवा आणि नीट लावा. आणि येताना माझ्यासाठी गोड सोयाचं दूध आणा, पार कोपऱ्यावरच्या दुकानातून. जवळच्या नको.

थ्येनसोंग: मला नाही कुणी ओरडताना ऐकू येत.

श्यूरोंग: तुम्हाला काही ऐकू येत नाही. जा.

यूछिंग: काकू, कुणीच ओरडत नव्हतं.

श्यूरोंग: माहीत आहे. दार लोट. मुली, तू हुशार आहेस, पण तोंडाला जरा लगाम घाल. तुला काय दिसलं ते एका वाक्यात सांग.

यूछिंग: ही स्तुती विकतची आहे. कुणीतरी दर महिन्याला पैसे भरतंय.

श्यूरोंग: मी भरतेय.

यूछिंग: तुम्ही?

श्यूरोंग: महिना छत्तीस हजार. चौदा महिने झाले. अशी बघू नकोस माझ्याकडे. त्याआधीच्या हिवाळ्यात कुणीतरी शहरातल्या न्याहारीच्या पन्नास चांगल्या जागांची यादी छापली. आमचं नाव नव्हतं. समोरच्या गल्लीतल्या त्या सहा वर्षांच्या पोरसवदा दुकानाचं होतं. यांनी ती यादी घडी करून खिशात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. डोकं विंचरेनात. दाढी करेनात. म्हणाले, चाळीस वर्षं मी लोकांना गरम पाणी विकलं. डॉक्टर म्हणाला, तब्येत उत्तम आहे. मग मी काय करणार? एक सुटातला माणूस दुकानात यायचाच, प्रसिद्धी करून देतो म्हणून. पोस्टातली ठेव मोडली आणि त्याला होकार दिला. औषध म्हणून.

यूछिंग: आणि लागू पडलं.

श्यूरोंग: फारच. आता टोपी उतरत नाही आणि माझं मनगट उतरायला आलंय. थांबवायचं म्हटलं तर तो माणूस म्हणतो, दंड पडेल. मला नीट सांग. दंड पडतो का? आणि छत्तीस हजार हा दर बरोबर होता का? मी माशाचा भाव जागेवर ओळखते. ह्या मालाचा भाव मला कळत नाही आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

यूछिंग: करार आणलाय?

श्यूरोंग: ब्लाऊजच्या आत आहे. तिकडे तोंड कर. हा घे.

यूछिंग: पहिल्या वर्षानंतर सात दिवस आधी कळवलं की बंद. दंडबिंड काही नाही. थापा मारल्यात त्यानं.

श्यूरोंग: दोन महिने फुकट भरले म्हणजे. पुढे?

यूछिंग: लेख लिहिणाऱ्यांना पंधरा हजार. ते निदान घडलं. जाहिराती, सहा हजार. त्या त्यांनी रात्री अकराला दाखवल्या.

श्यूरोंग: आम्ही दुपारी बाराला बंद करतो.

यूछिंग: हो. ‘ब्रँड भावना मासिक अहवाल’, सात हजार.

श्यूरोंग: चार रंगीत पानं येतात. एक गोल चित्र असतं, कापलेल्या केकसारखं. मी त्यावर माशाची आतडी ठेवते.

यूछिंग: सर्वात योग्य उपयोग. आणि ‘नामवृद्धी सल्लागार’, आठ हजार. हा कोण?

श्यूरोंग: तोच सुटातला. महिन्यातून एकदा फोन करतो. विचारतो, काकू, कशा आहात? मी म्हणते, दमलेय. तो म्हणतो, छान.

यूछिंग: आठ हजारांना ‘छान’. काकू, मला हसू येतंय, माफ करा.

श्यूरोंग: हस. मलाही येतंय. चौदा वेळा ‘छान’ म्हणाला. हिशेब नको करूस, मला चक्कर येईल.

यूछिंग: तुमची पेज एकशे वीसला ना? वाटीमागे सुटतात किती?

श्यूरोंग: छत्तीस. कधी चाळीस.

यूछिंग: म्हणजे दर महिन्याला हजार वाट्या तुम्ही फक्त त्यांच्यासाठी शिजवल्या. असं मोजायचं. आधी बघायचं, एक नवा माणूस आपल्याला काय देऊन जातो, मग त्याला आणायला किती द्यायचे ते ठरवायचं. तुमच्या दुकानाला एकदाच नीट फोटो, वेळा, पदार्थांची यादी, असं आठ-दहा हजारांत होतं. पुढे वाटलंच तर महिना दोन-तीन हजार. बस. मोठा कारखाना असता तर गोष्ट वेगळी. आणि ‘तुम्ही नक्की काय करता’ विचारल्यावर ज्याला सरळ सांगता येत नाही, त्याला काहीच द्यायचं नाही.

श्यूरोंग: आणि तुझे किती?

यूछिंग: आजचे दीड हजार. त्यातच त्यांना बंदचं पत्र लिहून देते.

श्यूरोंग: दीड? एवढंच?

यूछिंग: एवढंच काम आहे.

श्यूरोंग: इतकी स्वस्त म्हणजे तुला फारसं येत नसणार.

यूछिंग: काकू, तुम्हाला त्या सुटवाल्यानं बिघडवलंय. बरं, तीन हजार घेते आणि महिन्यातून एकदा फोन करून ‘छान’ म्हणते.

श्यूरोंग: दीडच घे. पण खरं सांग. उद्या पैसे थांबले आणि एकही माणूस आला नाही तर? मला रांग नकोय. पण हे परत भिंतीकडे तोंड करून झोपले तर मी काय करू?

यूछिंग: कोण येईल, किती येतील, ते मला सांगता येणार नाही. जो छातीठोक सांगतो तो थापा मारतो. सगळं एका दिवसात थांबवू नका. आधी लेख बंद करू, पंधरा दिवसांनी जाहिराती. म्हणजे रांग हळूहळू ओसरेल, धप्पकन नाही.

श्यूरोंग: जिन्यावर पाय वाजले. दे तो करार इकडे.

थ्येनसोंग: तुझं दूध. कोपऱ्यावरचं. त्या बाईनं मला ओळखलं, पैसे घेईना. काय ठरलं मग?

श्यूरोंग: बेतानं करणार आहे ती.

(सहा आठवड्यांनी. तेच टेबल. थ्येनसोंग एकटा आला आहे, डोक्यावर टोपी नाही.)

यूछिंग: काकू नाही आल्या?

थ्येनसोंग: मनगटाला शेक द्यायला गेलीय. तिला सांगू नका मी आलो होतो.

यूछिंग: बसा ना. रांग कशी आहे?

थ्येनसोंग: रांग नाही. माणसं आहेत. सगळे बसून खातात. लायबाई, एक सांगायचंय. गेल्या मंगळवारी दुकानातला फोन वाजला. मी घेतला. फार गोड आवाजाचा माणूस. म्हणाला, क्वोसाहेब, पुन्हा सुरू करू या, खास तुमच्यासाठी अर्ध्या भावात, अठरा हजार.

यूछिंग: अरे देवा.

थ्येनसोंग: मला वाटलं, मासेवाल्याकडे नवा माणूस आला. म्हटलं, नऊ.

यूछिंग: काय?

थ्येनसोंग: सवय हो. तो बारावर आला. मी म्हटलं, ठेवतो फोन. तो नवावर आला. मग मी विचारलं, माल कधी टाकताय आणि बर्फ कुणाचा?

यूछिंग: काका, पाणी पिते मी जरा. ठसका लागला.

थ्येनसोंग: प्या. तो म्हणाला, कसला बर्फ? मग त्यानं सगळं सांगितलं. चौदा महिने. कोण भरत होतं तेही. मी भाव पाडून बसलो होतो आणि माल काय आहे ते मला शेवटी कळलं.

यूछिंग: मला माहीत होतं. मी तुमच्यापासून लपवलं. माफ करा.

थ्येनसोंग: तुमचं काय चुकलं? गिऱ्हाईक ती होती. मी दोन दिवस टोपी घातली नाही. आरशात बघितलं की वाटायचं, हा माणूस भाड्यानं आणलाय. तिसऱ्या दिवशी मी वाट्या मोजायला लागलो. त्या सगळ्या भानगडीच्या आधी एकशे दहा जायच्या. रांग होती तेव्हा अडीचशे. आता दीडशे. म्हणजे चाळीस जास्तच.

यूछिंग: ती चाळीस माणसं खरी तुमची.

थ्येनसोंग: मी एकाला विचारलं, कुठे वाचून आलास? म्हणाला, वाचलंबिचलं नाही, मेव्हणीनं धाडलं. मला इतकं बरं वाटलं, त्याला दोन तळलेल्या पोळ्या फुकट दिल्या. बायकोनं बघितलं.

यूछिंग: तुम्हाला कळलंय, हे काकूंना सांगितलंत?

थ्येनसोंग: नाही. तिनं मला आनंद विकत आणून दिला आणि मी पावती मागायची? तिचं काम झालं. मी उठलो, विंचरलो, दुकानात उभा राहिलो. तिला वाटू दे औषध आपोआप लागू पडलं.

यूछिंग: मग माझ्याकडे कशासाठी आलात?

थ्येनसोंग: परवा एक बाई पेज खाता खाता थांबली. मला वाटलं, आता समुद्र म्हणेल. ती म्हणाली, ह्या माशात दोनशेच्या वर काटे असतात, माझ्या वाटीत एकही नाही, कोण काढतं? मी म्हटलं, बायको. पहाटे अडीचपासून. बेचाळीस वर्षं. आणि बोलता बोलता माझ्या हातातली पळीच थांबली. लायबाई, मी पळी फिरवतो. पळी कुणीही फिरवेल.

यूछिंग: आणि पाटीवर तुमचं नाव आहे.

थ्येनसोंग: पाटी दिलीय रंगवायला. दुकानावर उद्या लागेल. पण लोक आता पाटी कमी बघतात, फोनमधला नकाशा जास्त. त्यातलं ‘क्वो यांची’ काढा आणि तिचं नाव घाला. ‘श्यूरोंग यांची माशाची पेज.’ ह्या कामाचे किती?

यूछिंग: ह्याला पैसे लागत नाहीत काका. दोन मिनिटांचं काम आहे.

थ्येनसोंग: असं कसं? दर आधी सांगता ना तुम्ही?

यूछिंग: सांगितला की. काही नाही.

थ्येनसोंग: मग बसतो दोन मिनिटं. नाव नीट लिहा. त्यातलं ‘रोंग’ म्हणजे मखमलीचं अक्षर. उच्चार सारखाच, म्हणून लोक नेहमी दुसरंच अक्षर लिहितात.