हिलाल आप्पांची मोगरी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. म्हातारा सासरा ओट्यावर बसलाय. घसा कोरडा पडलाय. हाक मारतो, "सूनबाई, पाणी!" सून दारातच उभी. हाक ऐकते. आणि पाणी देत नाही! बोला, पाप की पुण्य?

बघा! मागच्या बायका एका सुरात म्हणाल्या, पाप! अहो, त्या सुनेच्या गल्लीतल्या बायकाही हेच म्हणत होत्या. सुनेचं नाव उषा. आधी तिची गोष्ट ऐका, निकाल मग द्या.

खानदेशातलं एक गाव. कार्तिकात तिथे देवाचा रथ निघतो. अवाढव्य लाकडी रथ! त्याला ना ब्रेक, ना स्टिअरिंग! चाकाखाली बाभळीची जाडजूड पाचर सारायची, तिला म्हणतात मोगरी. मोगरीवर रथ थांबतो, मोगरीवरच वळतो. आणि रथ निघताना पुढच्या चाकाखालची पहिली मोगरी काढायचा मान कुणाचा? उषाच्या सासऱ्यांचा, हिलाल आप्पांचा! उकिडवं बसायचं, मोगरी ओढायची, ती छातीशी धरून उभं राहायचं. मग दोर ताणतात. आप्पा उठल्याशिवाय देव हलत नाही!

आणि एका वर्षी काय झालं? आप्पा बसले. मोगरी ओढली. आणि उठताच येईना! चाक पुढ्यात, दोर हातात धरून अख्खं गाव थांबलेलं! शेवटी दोघांनी काखेत हात घालून उचललं.

गावचे पंच घरी आले. म्हणाले, "आप्पा, पुढच्या वर्षी उठताना कुणाचा हात लागला, तर मान पुतण्याला जाईल. चाकापाशी जिवाशी खेळ नको."

चुकलं का पंचांचं? मुळीच नाही!

आता आप्पांचा मुलगा प्रभाकर. वडिलांवर भारी जीव! टेकायची मऊ खुर्ची आणली. "आप्पा, आता तुम्ही हलायचंच नाही!" पाणी हातात, ताट मांडीवर, चपला पायात. उषानंही सगळं मनापासून केलं. गाव म्हणालं, सेवा असावी तर अशी! आणि आप्पांच्या मांड्या? दिवसेंदिवस वाळत चालल्या!

एका दुपारी आप्पा उषाला हळूच म्हणाले, "सूनबाई, मोगरी गेली तर गेली. पण उद्या मला संडासातून उठवायला तू येशील. ती लाज मी कुठे ठेवू?"

 दुसऱ्याच दिवशी उषानं त्यांना तालुक्याला नेलं, रेवती मॅडमकडे. मॅडम फिजिओथेरपिस्ट. डॉक्टरांकडून छाती, बीपी, गुडघे सगळं तपासून घेतलं. मग म्हणाल्या, "आप्पा, हात न टेकता खुर्चीवरून उठा बरं."

आप्पा पुढे वाकले, मागे पडले. पुन्हा वाकले, पुन्हा पडले.

"वय झालं, मॅडम."

"वय झालं, हे अर्धंच खरं. उरलेलं त्या खुर्चीनं केलं! स्नायूला काम नाही दिलं की तो झिजतो. पण भार दिला की या वयातही बळ धरतो. मात्र भार थोडा थोडा वाढवायचा. घाई नाही!"

समजलं ना? आप्पांनाही समजलं. पण आप्पा पडले मोगरीवाले! घरी आले ते थेट गोठ्यात. जुनी मोगरी काढली, श्वास कोंडला, आणि बैठक मारली! कमरेत अशी उसण भरली, की खाली गेलेले आप्पा खालीच! हसू नका! अहो, आपणही एकादशीला जागतो आणि वर्षभराची भक्ती एका रात्रीत उरकायला बघतो!

प्रभाकर कडाडला, "बस्स! बंद ही थेरं!"

कमरेची उसण गेल्यावर उषा आप्पांना पुन्हा मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम आधी रागावल्या, मग हसल्या. "मोगरी शेवटी. आधी खुर्ची. घोंगडीच्या घड्या घालून बैठक उंच करा. त्यावरून उठा, सावकाश बसा. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. मध्ये एक दिवस विश्रांती. जेवणात डाळ, दूध. सोपं वाटायला लागलं, की घोंगडीची एक घडी कमी!"

आणि उषाकडे वळून म्हणाल्या, "तुमचं काम जास्त अवघड आहे. त्यांना जे जमतं, ते तुम्ही करायचं नाही."

झालं! ओट्यावरून आप्पांची हाक आली, "सूनबाई, पाणी!" उषा दारात उभी. पाय माठाकडे धावताहेत, आणि ती चौकट घट्ट धरून म्हणते, "आप्पा, माठ इथेच आहे. या!"

समोरची शेजारीण बघतच राहिली! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, उषा सासऱ्याला पाणीसुद्धा देत नाही! पारावर कुणीतरी प्रभाकरला टोमणा मारला. तो घरी येऊन ओरडला, "माझ्या बापाला तहानेनं मारतेस?"

 उषाचे डोळे भरून आले. तेवढ्यात आप्पा खुर्चीवरून उठले, हात न टेकता! माठापाशी गेले, पेला भरला आणि प्रभाकरच्या हातात दिला.

"घे. ओरडून घसा सुकला असेल."

प्रभाकर पाणी प्यायला, तेही बापाच्या धाकानं! पण पटलं काही नाही.

घोंगडी निघाली. पाटावरून उठणं आलं. मग छातीशी ज्वारीची लहानशी थैली, मग जराशी मोठी. आणि सगळ्यात शेवटी, मॅडमच्या परवानगीनं, मोगरी.

कार्तिक आला! ढोल, झेंडू, गुलाल! आप्पा चाकापाशी गेले. बसले. मोगरी ओढली, छातीशी घेतली. उठायला लागले... आणि अर्ध्यावर थांबले! मांड्या थरथरताहेत! पंच बघताहेत! पुतण्या पुढे सरकला. प्रभाकरनं तर झेपच घेतली, आणि उषानं भर गर्दीत नवऱ्याचा सदरा मागून धरला!

"थांबा!"

"अगं, पडतील ते!"

"श्वास घेताहेत. थांबा!"

आप्पांनी तोंडानं लांब श्वास सोडला. टाचा रोवल्या. आणि उठले! सरळ! मोगरी छातीशी, मान ताठ! जयजयकार झाला, दोर ताणले गेले, रथ हलला! आणि प्रभाकर? रथाकडे त्याचं लक्षच नाही! बायकोकडे बघत भर रस्त्यात रडतोय!

आता सांगा, पाणी न देणं पाप की पुण्य? का हो, बायका गप्प का झाल्या? म्हाताऱ्या माणसाचं दुखणं आपण घ्यावं, मंडळी. त्याचं उठणं घेऊ नये! आपल्याला वाटतं आपण सेवा करतोय, आणि आपण त्याच्या पायांची चोरी करत असतो!

आरतीची वेळ झाली. आजोबा, आजी, ज्यांना जमेल त्यांनी श्वास सोडत, सावकाश, आपापल्या बळावर उभं राहायचंय. आणि पोरांनो, लगेच दंड धरून ओढायचं नाही! जवळ थांबा. तोल गेला तर सावरा. पण आधी त्यांना उठू द्या. तोवर आम्ही टाळ धरून थांबतो. देवही थांबेल.