आबांची बंद पडणारी गाडी

हसू नका, पण आमच्या घरी एक प्रश्न विचारायचाच नाही असा नियम होता: आजोबांची, म्हणजे आबांची, जुनी जीपगाडी चालता चालता बंद का पडते? पडली की आबा बंपरला नवं लिंबू बांधायचे. डिझेल फिल्टर बदला, असं सांगून मिस्त्री थकला होता.

गेल्या साली वहिनीला कळा आल्या आणि आमच्या गावाहून, गोरेगावहून, हिंगोलीला जाताना गाडी तीनदा बंद पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलं.

आता तिला पुन्हा दिवस गेलेत. परवा तपासणीला निघताना आबांनी माझ्या हातात लिंबू दिलं.

"बांध."

"फिल्टर बदलला का?"

"चार बुकं शिकली म्हणून आमाला शिकवती व्हय?"

"व्हय. त्या दिवशीबी लिंबू बांधलेलंच होतं, आबा. वहिनी या गाडीत बसणार न्हाई."

लिंबू आबांच्या हातात परत ठेवून मी वहिनीला घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघाले.