पट्ट्यावरची तारीख

माझ्या दादाची गाडी चालता चालता बंद का पडली? — पोलिसांना विचारलं, विमावाल्याला विचारलं. आणि तुम्ही काय विचारताय, काका, तर मी कोण! कोणी नाही. हा गाड्या विकणारा मा शेठ कागद आणायला आत गेलाय, तेवढ्यात ऐका. खिसा चाचपू नका, भीक मागायला नाही आलो. ही पांढरी गाडी लेकीसाठी घेताय ना? आत बसून आरशात केस बघतेय ती? पट्टा ओढून पाहिलात? पाहिलाच असणार — अख्ख्या इंचन शहराला ठाऊक आहे, गाडी पुरात बुडालेली असली की सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा, आतला चिखल दिसतो. दिसला? नाही ना. कोरा करकरीत. खूश झालात. मीपण झालो होतो.

माझा दादा, ग्यूचल — त्यानं इथूनच घेतली, याच शेठकडून. म्हणाला, ‘तुला गाड्यांतलं कळतं, तू बघ.’ कसलं कळतंय! शाळा सोडून दोन वर्षं गाड्या धुतल्या, एवढंच. पण मी ऐटीत बसलो, पट्टा ओढला, हुंगला, म्हटलं, ‘घे डोळे मिटून.’ — अहो, हात सोडा, ओरडत नाहीये मी! — पट्ट्याच्या बुडाशी तारखेची चिठ्ठी शिवलेली असते, बोटभर. उलटा ती. उलटा म्हणतो ना! शेठनं गाडी कुठल्या सालची सांगितली? सतराची. आणि पट्टा? वाचा, मोठ्यानं वाचा — बावीसचा. चिखल लपवायला नवा बसवलाय. दादाच्या गाडीलाही होती अशीच चिठ्ठी. मी उलटली नाही. उलटली ती नंतर, भंगारात. भर हमरस्त्यात सगळे दिवे एकदम गेले, गाडी जागच्या जागी ठप्प, मागून मालट्रक — दादा आणि वहिनी, दोघंही.

आई म्हणते, शेठनं फसवलं. फसवलंच! पण ‘घे’ कोण म्हणालं? — हे तिला नाही सांगितलेलं. तुम्हाला कशाला सांगतोय, देव जाणे.

आला बघा शेठ. लेकीला उतरवा आणि चालू पडा. चला! बघताय काय? कीव नकोय मला. त्या दिवशी सणाला वहिनीच्या माहेरी निघाले होते दोघं. मी गाडीची पूजा केली, रिवाजाप्रमाणे गाडीपुढे ठेवायचं डुकराचं मुंडकं परवडेना म्हणून सुका मासा बांधला, अपघात टळावा म्हणून चारही चाकांवर तांदळाची दारू ओतली. वहिनी म्हणाली, ‘भाऊजी, घोटभर तरी ठेवा स्वतःला.’ नाही ठेवली. बाटली उपडी करून झटकली, शेवटच्या थेंबापर्यंत.