डोक्यावरचा हंडा

(साहेबांची अभ्यासिका, सकाळ. टेबलावर साहेबांच्या आत्मचरित्राच्या छपाईला जायच्या पानांचा गठ्ठा, समोर त्यांचे जुने लेखनिक मास्तर. साहेब कोट घालून उभे आहेत आणि त्यांची थोरली बहीण त्या कोटाला बटण लावते आहे.)

ताई : हलू नकोस म्हटलं ना. सुई आहे माझ्या हातात.

साहेब : हललो नाही. श्वास घेतला.

ताई : मग जरा बेताने घे. कोट काढून दे म्हटलं तर तेही नाही.

साहेब : फोटोवाला कुठल्याही क्षणी येईल. त्याच्याबरोबर प्रकाशकाचा माणूस येतोय पानं न्यायला. मास्तर, थांबलात का? वाचा. पहिल्या प्रकरणाचा शेवट वाचा, ताईला ऐकू दे.

मास्तर : वाचतो. "उन्हाने भाजलेली ती पायवाट. आईच्या डोक्यावर पाण्याचा हंडा, आणि तिचं बोट धरून मी. चालता चालता ती थांबली आणि म्हणाली, बाळ, मोठा झालास की माझ्या डोक्यावरचा हा हंडा उतरव. पुढे पंतप्रधान म्हणून मी घरोघरी पाणी नेण्याची योजना आणली, तिचा पाया त्या पायवाटेवर घातला गेला."

साहेब : आणि इथे, समोरच्या पानावर, आईचा फोटो. पूर्ण पान. खाली हेच वाक्य. कसं वाटतंय ताई?

ताई : फोटो मिळणार नाही.

साहेब : म्हणजे? आणला नाहीस?

ताई : आणलाय. पिशवीत आहे. पिशवीतच राहील आणि संध्याकाळच्या बसने माझ्याबरोबर परत जाईल.

साहेब : अगं, आईचा तेवढा एकच फोटो आहे. माझ्याकडे एकही नाही.

ताई : माहीत आहे. म्हणूनच जपून आणला. पण ज्या बाईचा फोटो आहे तिच्याखाली हे वाक्य मी छापू देणार नाही. वाक्य काढ, फोटो घे.

साहेब : मास्तर, हिला सांगा जरा.

मास्तर : ताई, अडचण अशी आहे की ते वाक्य नुसतं पहिल्या प्रकरणात नाही. दर दोन प्रकरणांनी येतं. कालव्यांच्या प्रकरणात आहे, कर्जमाफीच्या आहे, राजीनाम्याच्या तर सुरुवातीलाच आहे. मुखपृष्ठावर हंडा आहे. पुस्तकाचं नावच 'डोक्यावरचा हंडा' आहे.

ताई : मास्तर, आमच्या आईने आयुष्यात डोक्यावर हंडा घेतला नाही. घराच्या मागे विहीर होती आमची. स्वयंपाकघराचं दार उघडलं की विहीर.

साहेब : उन्हाळ्यात आटायची की ती.

ताई : तेच तर. नाही आटायची. आख्ख्या आळीतल्या आटायच्या, आपली आटायची नाही. अरे, हललास पुन्हा. तुटला बघ दोरा.

साहेब : तुटू दे. ताई, मला ते डोळ्यांसमोर दिसतंय. ऊन दिसतंय, तिच्या पायातल्या वहाणा दिसताहेत. मी काही बनवून सांगत नाहीये. मास्तर, तुम्ही साक्षीदार आहात. तुम्हाला मी कितीदा सांगितलंय हे.

मास्तर : सांगितलंत साहेब. बऱ्याचदा. पण सगळ्यात आधी मी तुम्हाला सांगितलं होतं.

साहेब : काय?

मास्तर : योजनेच्या उद्घाटनाला निघालो होतो, गाडीत. भाषण मीच लिहिलेलं, नेहमीप्रमाणे. तुम्ही चाळलंत आणि म्हणालात, नुसते पाइप आणि पंप आहेत यात, एखादं माणूस घाला. मी म्हटलं, कोण घालू? तुम्ही म्हणालात, तुम्ही बघा. मी आई घातली.

साहेब : तुम्ही घातलीत.

मास्तर : कामच होतं ते माझं. मुक्कामाला पोचेपर्यंत ऊन, पायवाट, हंडा सगळं झालं. वहाणा मात्र माझ्या नाहीत, त्या तुम्ही नंतर कधीतरी घातल्यात.

साहेब : भाषणात माझा गळा दाटून आला होता. हजारो माणसांनी पाहिलं.

मास्तर : तो मी लिहिला नव्हता. खरंच आला होता. मंचाच्या मागे उभा राहून मीसुद्धा डोळे पुसले. मनात म्हटलं, बरं उतरलंय. पुढे तुम्ही ते मुलाखतीत सांगितलंत, मग पंपघराच्या भिंतीवर कोरलं गेलं, मग शाळेच्या पुस्तकात गेलं. तेव्हा वाटलं, जरा जास्तच बरं उतरलंय. पण तोवर तुम्ही ते मलाच सांगायला लागला होतात, आणि सांगताना इतके खूश दिसायचात की मी मधे बोललो नाही.

ताई : येरझाऱ्या घालू नकोस. इकडे ये. दोरा ओवलाय मी.

साहेब : थांब गं. काढलं तर काय होईल, दोघांनाही कळतंय का? विरोधक माझी सालटी काढतील. पोरांनी शाळेत पाठ केलेलं वाक्य खोटं होतं म्हणतील, मग पाणीही खोटं होतं म्हणतील.

ताई : पाणी कोण खोटं म्हणेल? नळ सोडला की येतंय.

साहेब : तुला राजकारण कळत नाही.

ताई : नसेल कळत. मला आई कळते. भाषण झालं तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, भाषण आहे, बोलतात माणसं. शाळेच्या पुस्तकात आलं तेव्हा नातीने मला वाचून दाखवलं, मी काही बोलले नाही. म्हटलं, कधीतरी स्वतःचं पुस्तक लिहील, त्यात तरी खरं लिहील. आणि तू काय केलंस? तीच बाई परत आणून बसवलीस. कोण आहे ती? मी तर ओळखत नाही तिला.

साहेब : मग मी कोणाला ओळखतो, ते सांग.

ताई : म्हणजे?

साहेब : मला वसतिगृहात टाकलं तेव्हा मी केवढा होतो? त्याच वर्षी ती गेली. ताई, मी डोळे मिटले की मला तीच दिसते. हंडावाली. दुसरी कुठली आई माझ्याकडे नाहीच. आत्ता तुम्ही दोघांनी मिळून ती काढून घेतलीत, तर आत नुसता अंधार आहे. एवढ्या मोठ्या देशाला मी पाणी पाजलं, आणि मला माझ्या आईचं एक खरं वाक्य असू नये?

ताई : इकडे ये आधी. ये म्हणते ना भिंगऱ्या. उभा राहा असा, कॉलर धरूनच ठेवते तुझी.

साहेब : आता मला भिंगऱ्या म्हणणारी तूच उरलीस.

ताई : नाव कोणी ठेवलं ते तरी आठवतंय का?

साहेब : नाही.

ताई : तिनेच. घटकाभर एका जागी टिकायचा नाहीस. जेवताना उठायचास, न्हाताना पळायचास. तिचा हात कायम तुझ्या मानगुटीवर. बोलायला काय, हंडा उतरव बिंडा उतरव असलं तिच्या तोंडून कधी आलं नाही. तिखट होती जिभेची. हसवायची पण खूप. वडिलांची अशी हुबेहूब नक्कल करायची की ते दारात येऊन उभे राहिले तरी थांबायची नाही.

साहेब : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

ताई : तू कधी बसलास ऐकायला? आलास की मागे गाड्या, पुढे गाड्या. मी चहा टाकेपर्यंत निघालेला.

मास्तर : ताई, एक विचारू? आजवर गप्प राहिलात, मग आजच का?

ताई : भिंतीपलीकडची शिंपीणबाई आठवते का रे तुला? तिच्या घरी नळ आला, तुझ्याच योजनेचा. मी बघायला गेले होते. ती नळाखाली भांडं भरत होती आणि रेडिओवर तुझं भाषण पुन्हा लागलं, हंड्याचं. मला वाटलं आता ही हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. तिने तर नळ बंद केला आणि आत निघून गेली.

साहेब : का?

ताई : हंडा तिच्या डोक्यावर असायचा म्हणून. ऐन उन्हाळ्यात ती आणि तिची जाऊ आपल्या भिंतीशी येऊन उभ्या राहायच्या. आणि आई विहिरीचा दोर काढून घरात आणायची, कोणी पाणी काढू नये म्हणून. आता हे ऐकवत नसेल तर नको ऐकूस.

साहेब : थांब. दोर.

ताई : हलू नकोस.

साहेब : दोर खाटेखाली ठेवायची ती.

ताई : कोणी सांगितलं तुला?

साहेब : खाटेखाली, गुंडाळी करून. ओला असायचा. फरशीवर ओल यायची, आणि वास. शेवाळाचा वास. मी खाटेखाली शिरून त्याच्यावर बसायचो, गार लागायचं म्हणून. मास्तर, हे तुम्ही लिहिलेलं नाही ना कुठे?

मास्तर : नाही साहेब. शपथेवर सांगतो. हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय.

साहेब : मी तिला काहीतरी विचारलं होतं. शिंपीणबाई भिंतीशी उभी होती.

ताई : विचारलंस. मी तिथेच भांडी घासत होते. म्हणालास, आपल्या विहिरीत एवढं आहे, मग त्यांना का नाही?

साहेब : आणि ती?

ताई : ती काय म्हणणार? "गप एका जागी बस" म्हणाली. दिवसभर तेच म्हणायची तुला, तेव्हाही तेच म्हणाली. पण वाईट नव्हती रे ती. आजी अंथरुणाला खिळलेली, घरात एवढी माणसं. भ्यायची. उद्या आपलीही आटली तर, हीच धास्ती घेऊन झोपायची.

साहेब : मास्तर, कागद घ्या. पहिलं प्रकरण, शेवटचा परिच्छेद.

मास्तर : घेतला.

साहेब : आमच्या घराच्या मागे विहीर होती. ती उन्हाळ्यात आटत नसे. आई तिचा दोर काढून खाटेखाली ठेवायची. भिंतीशी शिंपीणबाई रिकामा हंडा घेऊन उभी असायची. मी आईला विचारलं, त्यांना का नाही. आई म्हणाली, गप एका जागी बस.

मास्तर : पुढे? "तेव्हापासून मी" असं काही?

साहेब : पुढे काही नको.

मास्तर : पाया वगैरे?

साहेब : राहू दे पाया. आणि बाकीच्या प्रकरणांतून हंडा काढा. नाव बदला.

मास्तर : प्रकाशक मला सोलून खाईल.

साहेब : त्याला म्हणावं नाव मागाहून कळवतो. आणि एक प्रकरण वाढवा, हंडा तुम्ही कसा घातलात त्याचं. तुमच्या शब्दांत. तेवढं तरी तुम्ही लिहिलंय हे लोकांना कळू दे.

ताई : थांबा दोघे. हे छापणार?

साहेब : तूच म्हणालीस की खरं लिही.

ताई : हंडा काढ म्हटलं होतं मी. दोर घाल नव्हतं म्हटलं. लोक आईला नावं ठेवतील. उभा देश म्हणेल, पाणी नाकारणारी बाई. माझ्या आईला असं उघड्यावर आणून बसवू नकोस.

साहेब : मग काय करू सांग. हंडा ठेवू?

ताई : तसंही नको.

साहेब : ताई, शिंपीणबाई आहे अजून?

ताई : आहे. दिसत नाही आता तिला. सून वाचून दाखवते पेपर वगैरे.

साहेब : मग हेही वाचून दाखवेल. आपल्या आईचं काय होतं ते तू सांगितलंस, भीती होती ती. तेही घालतो, आजी, घरातली माणसं, सगळं. पण त्या बाईला आपल्याकडून पाणी मिळालं नाही, निदान हंडा तरी तिचा तिला परत जाऊ दे.

ताई : आईने केलेली नक्कलही घाल मग. वडिलांची करायची ती. नुसता दोर नको.

साहेब : घालतो. तू सांग, मास्तर लिहून घेतील.

ताई : आज नाही. मला हुंदका यायला लागलाय आणि हातात सुई आहे. मास्तर, ती पिशवी द्या इकडे. वरच आहे, पाकिटात. काळजीने काढा, कडा झिजल्यात.

मास्तर : हा. साहेब, घ्या.

साहेब : ही एवढीशी होती?

ताई : एवढीशीच होती.

साहेब : हसतेय.

ताई : हसू दाबतेय. तेव्हाच्या फोटोवाल्याची मान लांब होती, त्याला काहीतरी बोलून बसली होती.

साहेब : आणि हे शेजारी काय आहे? हा पांढरा डाग?

ताई : तू. फोटो काढताना हललास. तिने कॉलर धरून ठेवली होती, तिची मूठ बघ कशी घट्ट आलीय. मूठ आली, कॉलर आली, तुझं तोंड काही आलं नाही.

मास्तर : खाली काय छापायचं साहेब? प्रकाशकाचा माणूस आलाय वाटतं, बेल वाजली.

साहेब : आई आणि मी. एवढंच.

मास्तर : त्यांना आत घेऊ?

साहेब : घ्या. बसायला सांगा.

ताई : झालं बघ बटण. दोरा तोडला. हो मोकळा, हिंड आता कुठे हिंडायचंय ते.

साहेब : थांबतो जरा. तू कॉलर सोडू नकोस.