फोटूत दिसलेले दात

मी आंबेनळीच्या अंगाची. बापाची गुरं, थोडी नाचनी. तिथून लगीन होऊन हिकडं कशेडीच्या बाजूला आली, तीपन डोंगरातच, आन दोन पावसाळं झालं नाय तो मालक तापानं गेला. काय सांगू तुम्हाला, नीट रडाया पन सवड नाय भेटली, सासू म्हातारी, लावनी कोन करनार.

फुडच्या साली माझं पोट वाढाया लागलं. नवरा नसलेल्या बाईचं पोट, मंग काय. दुखायचं तर असं की भाताचा भारा तसाच टाकून खाली बसायची. गावकी बसली, म्हनली कुनाचं हाय, मी म्हनलं कुनाचं नाय, तर वाळीत टाकली. आमच्याकडं आजारी मानूस डोलीत घालून सडकेला न्यायचा, त्या डोलीला पन मला कोनी खांदा दिला नाय. माहेरास्नं भाऊ आला, त्याच्या आधारानं बसत उठत उतरली नि यष्टीनं म्हाडला दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी पोट दाबलं, मशीनखाली निजवून फोटू काढला, उजेडाला धरला नि म्हनाले, बाई, हे मूल नाही, मूल असतं तर कणा दिसला असता, डोकं दिसलं असतं, ही अंडाशयातली गाठ आहे, अशा गाठीत कधी केस असतात, दात असतात, हे बघा दात, पुरुषाचा यात काही संबंध नाही. मी तिथंच रडली वो, आनंदानं रडली. भाऊ म्हनला, फोटू मागून घेऊ, गावकीला दाखवू.

देवळाम्होरं उन्हात धरला फोटू. तर त्यांना दिसले दात. कणा नाय, डोकं नाय, हे कोन बघतो? दात हायत म्हंजे पोरच, म्हनले. भाऊ सांगून सांगून दमला. मंग मुंबयला इस्पितळात गाठ काढली, सपाट पोटानं परत आली, तर म्हनले पाडून आली. सासू तेवढी उंबऱ्यात हुबी ऱ्हायली, म्हनली, माझी सून हाय, माझ्या चुलीवर जेवंल.

सासू गेली. आता बोलतात लोक, जेवाया बोलवत नाय. मीपन थकली, कुनाकुनाला सांगू.

परवा चुलत जाऊ आली, तिच्या पोरीला घेऊन. लग्नाची पोर, पोट फुगलेलं, रडून डोळे सुजलेले. मी पानी दिलं, जावंनं तांब्याला हात लावला नाय. मी पोरीला जवळ घेतली, म्हनलं, रडू नको गो बाय, म्हाडला जा, फोटू काढ, डॉक्टर सांगतील ते कर, बरी होशील. पन फोटू गावात आनू नको.