ऑईल-पाणी

—नाही, नाही, स्टूल राहू दे, मी इथे चाकापाशीच बसतो. तुझ्यावर भरवसा नाही असं नाही भाईदास, पण पिंप्राळ्यात तुझं गॅरेज नवं आणि माझी गाडी जुनी—म्हाताऱ्या माणसाला नव्या डॉक्टरकडे एकटं सोडतं का कोणी? ती ब्रेक ऑईलची बाटली माझ्यासमोर फोड. आणि जे रबर, जे पॅड निघेल ते फेकायचं नाही, माझ्या हातात द्यायचं. पुरावा आहे तो. कशाचा? सांगतो ना, तू हात थांबवू नको. हा पुढचा लिव्हर दाबून पाहा—पाहिलं? पार मुठीला टेकतो. आधी दगडासारखा लागायचा, आता भिजलेल्या पावात बोट घातल्यासारखा. परवा पारोळ्याच्या अलीकडे ट्रॅक्टर आडवा आला, मी दाबतोय, दाबतोय, गाडी आपली चाललीय—मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबली, ट्रॉलीतला कापूस माझ्या नाकाला लागला. आणि हे आपोआप झालं म्हणतोस? तू नाही म्हणालास, पण तुझ्या तोंडावर दिसतंय.

आपोआप नाही झालं. केलं. कोणी? माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने, लोटनने. साक्रीकडे गावी असतो तो. मागच्या महिन्यात मी गावी गेलो, तिथेच ताप भरला, बसने परत आलो, गाडी त्याच्या दारात राहिली. आठवड्याने स्वतः चालवत इथपर्यंत आणून दिली, आणि तीही धुऊन—धुऊन, भाईदास. मी घेतल्यापासून धुतली नसेल इतकी. कोण धुतं दुसऱ्याची गाडी? ज्याला हाताचे ठसे पुसायचे असतात तो. वर हसत काय म्हणतो, 'सुक्या, बठ्ठं ऑईल-पाणी करी दिन्हं भो. घरनं शे, बाहेरनं काहीच नही.' सुक्या म्हणजे मी. मी तेव्हा टूलबॉक्समधला पाना जागेवर आहे का ते पाहू राहिलो होतो, तो आणखी काय बोलला लक्ष नाही दिलं. नंतर बसलो विचार करत. घरनं शे, घरचंच आहे—म्हणजे काय? घरचाच भेदी, दुसरं काय?

कारण? कारण विहीर. आबांनी वाटणी केली तेव्हा विहिरीकडचं शेत त्याला, मला इथला प्लॉट. आता प्लॉट मीच मागितला होता, ही गोष्ट वेगळी. पण त्याच्या मनात असणारच की सुक्या कधीतरी विहीर मागेल. मी मागितली नाही हं अजून—पण मी त्याच्या जागी असतो तर माझ्या मनात आलं असतं. हसू राहिला का तू? नाही? बरं, तो स्क्रू जपून.

उद्या त्याच्या मुलीचं लग्न, दीपमालाचं. आज संध्याकाळी हळद. ह्या पोरीला मी ह्याच टाकीवर बसवून साक्रीचा बाजार फिरवलाय. पण जायचं नाही, ठरलं. सकाळीच अक्काला, बहिणीला, फोन केला—लोटन माझ्या जिवावर उठलाय, ब्रेक बिघडवून ठेवला, मी त्याच्या मांडवात पाय ठेवणार नाही. ती रडायलाच लागली, म्हणे आधी गाडी कोणाला तरी दाखव. म्हणून तुझ्याकडे आलो. तू एवढंच करायचं—उघडून पाहायचं आणि अक्काला फोनवर सांगायचं, मुद्दाम केलेलं आहे. तुझं ऐकेल ती. माझं कोण ऐकतं? घरात बायको ऐकत नाही. लोटनने दर दिवाळीसारखा शेंगदाणा तेलाचा डबा पाठवला, लाकडी घाण्याचं, त्याच्या शेतातल्या शेंगांचं. मी रत्नाला सांगितलं, ह्या वर्षी त्या डब्याला हात लावायचा नाही, काय मिसळलं असेल सांगता येत नाही. आणि हिने रोज त्याच तेलात भाजी केली. मी बोटं चाटून खाल्ली. डबा अर्धा झालेला दिसला तेव्हा कळलं. वाचलो, ते नशीब म्हणायचं.

हा पाहा, पुन्हा त्याचाच फोन. सकाळपासून वाजतोय. वाजू दे.

काय झालं, थांबला का? उघडली हँडलवरची ब्रेक ऑईलची डबी? दाखव. हे रबर आहे? हे तर वड्यासारखं टम्म फुगलंय. कशाने? ब्रेक ऑईलऐवजी भलतंच काही ओतलं की असं फुगतं? वास घेऊ? मला काय कळतं त्यातलं—बरं, दे.

थांब. पुन्हा दे.

हे शेंगदाण्याचं तेल आहे. घाण्याचं. हा वास रोज माझ्या ताटात असतो, भाईदास. रत्नाने तर नाही—ती कशाला गाडीला हात लावते? मग घरनं शे म्हणजे... डबीवर बोट ठेवून काहीतरी सांगत होता तो, ऑईल कमी व्हतं, भरी दिन्हं—आणि मी पाना शोधत होतो. आपण सगळे ऑईल ऑईलच म्हणतो ना त्याला? त्याच्याकडे ऑईल म्हणजे हेच. दाराच्या बिजागरीला हेच, पोळ्याला बैलांच्या शिंगांना हेच. घरात सगळ्यात चांगलं होतं ते ओतलं त्याने. आणि त्याच ब्रेकवर बसून साक्रीहून इथवर आला, हायवेने, ट्रकांच्या गर्दीतून. त्याचंच काही झालं असतं म्हणजे? जीव घेणारा माणूस स्वतः बसतो का रे त्या गाडीवर? एवढं साधं मला का नाही सुचलं? सुचलं असतं तर मग चिडायला काय उरलं असतं.

पुन्हा वाजतोय. अक्काने सांगितलंच असेल त्याला, तुझा भाऊ काय काय बोलला ते. पोरीच्या हळदीच्या दिवशी. लाज वाटू राहिली मला.

ऐक. सगळी रबरं नवी टाक, पाईप ब्रेक ऑईलनेच धुऊन काढ, हवा पूर्ण काढ, मला हळदीला पोचायचंय. आणि कोणी विचारलं तर रबर जुनं होतं, सडलं. अक्काचा फोन आला तरी हेच. तेलाचं नाव काढायचं नाही. ते फुगलेलं रबर दे इकडे—नाही, तुझ्याकडे नको, तू चार गिऱ्हाइकांना दाखवून हसशील. जा, समोर चहा घेऊन ये. आणि इकडे पाहू नको.

—हां, भाऊ. नही, नही, भाऊ... गाडी चांगली शे.