पहिल्या हाकेचा आवाज

मंडळी, आधी एक सांगा! डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आपण जपून ठेवतो. भिंतीवर फोटो लावतो, हार घालतो. पण कानांनी ऐकलेलं माणूस? ते कुठं ठेवता हो? आणि ठेवलंत, तर ते तसंच राहतं का? अप्पा, पेटीवर एक सूर द्या... हं, बास! लक्षात ठेवा बरं का हा सूर. मी पुन्हा विचारणार आहे!

तर ऐका. कराडात भालचंद्रराव म्हणून एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मोठा सज्जन माणूस, पण हातात पेपर आला की घरात आग लागली तरी आधी अग्रलेख संपवणार! त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. मागं राहिली लेक वृषाली, आणि तिच्या मोबाइलमध्ये आईचा एवढासा आवाज.

कसला आवाज? हळदीकुंकवाला घेतलेला उखाणा! आमच्या आयाबाया एरवी नवऱ्याचं नाव घेत नाहीत — "अहो" म्हणजेच नाव! पण उखाण्यात घेतात, आणि त्यात सगळा हिशेब चुकता करतात. इंदुमतीबाई म्हणाल्या होत्या —

"ताट झालं गार, हाका मारल्या चार,
भालचंद्ररावांना पेपर वाचायचाय फार!"

बायका खो खो हसल्या होत्या. आता तेवढंच उरलं होतं. जगात त्या आवाजात "भालचंद्रराव" असं एकदाच!

पण मोबाइलवर तो आवाज चिरका यायचा. म्हणून हे गेले ओसवालशेठच्या दुकानात. "शेठ, असा इअरफोन द्या, की ही बोलतेय असं वाटलं पाहिजे." शेठनं एक दिला. "छे! हिला सर्दी झालीय." दुसरा दिला. "ही शाळेत कविता म्हणतेय." तिसरा कानात घातला, आणि डोळे भरून आले! "हीच! अगदी हीच!"

घरी आले. सकाळी ऐकतात तर — ही नव्हेच! पुन्हा दुकान. पुन्हा "हीच!" पुन्हा सकाळ, पुन्हा "ही कोण बाई?" बिस्किटांचा डबा इअरफोनांनी भरला, मंडळी! शेवटी राग निघाला लेकीवर. "तूच नीट टिपलं नाहीस! हा तुझ्या आईचा आवाजच नाही!"

वृषालीला लागलं ते. आई काय त्यांचीच होती? तिचीही होतीच ना! पण शहाणी मुलगी. म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. मी दोनदा ऐकवते. आई कुठली ते सांगा." एक इअरफोन कानात घातला, उखाणा ऐकवला. "परकी बाई." काढला, जरा थांबली, पुन्हा घातला. "ही! ही बघ तुझी आई!"

वृषालीनं तोंडाला पदर लावला. "बाबा, दोन्ही वेळा एकच होता. मी बदललाच नाही."

अप्पा, थांबा. वाजवू नका.

मंडळी, मघाचा सूर म्हणून दाखवा बघू कुणीतरी! ...का? मघाशी तर माना डोलवत होतात! अहो, कान आवाज धरून ठेवतो तो चार श्वासांपुरता. पुढं मन आपल्या मनानं आवाज घडवतं — आज एक, उद्या दुसरा — आणि म्हणतं, हाच खरा! मग इअरफोन बिचारा जुळणार तरी कशाशी?

भालचंद्रराव म्हणाले, "म्हणजे मला तिचा आवाज आठवतच नाही, वृषाली. ती जवळ बसून बोलायची, तेव्हा मी काय करत होतो गं?"

समोर पेपर पडला होता.

लेक उठली. सगळे इअरफोन डब्यात ठेवले. मोबाइल घेऊन आत गेली, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, आवाज मोठा केला. बाहेर खुर्चीत म्हातारा एकटा. आणि आतून, भांड्यांच्या मांडणीला लागून, भिंतीआडून आवाज आला — "ताट झालं गार, हाका मारल्या चार..."

"आलो गं!"

ओरडून उठले भालचंद्रराव! एक चप्पल पायात, एक तिथंच. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हा आवाज जुळवावा लागला नाही, मंडळी. आयुष्यभर तो असाच आला होता — आतून, लांबून, दुर्लक्ष केलेला!

आत ताट नव्हतं. ओट्यावर मोबाइल, आणि शेजारी रडणारी लेक. चौकटीला धरून ते हळूहळू खाली बसले. म्हणाले, "आज पहिल्या हाकेला आलो गं. हिनं बघायला हवं होतं."

...

पुसा डोळे. माझेही पुसतो. पण तुम्हाला सोडणार नाही मी! श्रवण ही पहिली भक्ती, असं दरवर्षी सांगतो, तुम्ही दरवर्षी माना डोलवता. आणि घरी? आई तेच तेच सांगतेय, तुम्ही फोनमध्ये! बायको हाक मारतेय, तुम्ही "हं हं!" अहो, देव काय शंख फुंकून बोलावणार आहे? तो "जेवायला चला" म्हणूनच बोलावतो!

आज घरी जाल, तेव्हा आतून कुणीतरी हाक मारील. ज्यांच्या घरी मारील, ते भाग्यवान. उठा! पहिल्याच हाकेला उठा, आणि समोर बसून तो आवाज ऐका. तो उद्या आठवणार नाही. म्हणून आज ऐका.

आता नाम घेऊ. मोठ्यानं नको. शेजारच्याचा आवाज ऐकू येईल, इतक्या हळू. म्हणा — विठ्ठल... विठ्ठल...